दहा मिनिटांत घर उभं करा

पडदा खाली. विंगेत आयोजकांचा माणूस घड्याळाकडे बघत उभा. रंगमंचावर लेव्हल, फ्लॅट, खाट आणि दोन खिडक्या घेऊन पोरांची पळापळ. आंतरविद्यापीठ युवा महोत्सवाच्या नियमात एकांकिकेला जास्तीत जास्त तीस मिनिटं, नेपथ्य लावण्या-काढण्याला दहा. कलाकार नऊ, साथीदार तीन. बारा जणांत अख्खं गाव उभं करायचं असतं, म्हणून दुसऱ्या प्रवेशात म्हातारी झालेली मुलगी पहिल्या प्रवेशाआधी फ्लॅटच्या मागे टेकू लावताना दिसते. ब्लॅकआउट झाला की प्रेतानंच उठून खाट ओढायची. लहान कॉलेजांचं नाटक असं हिशेबानं जुळवावं लागतं आणि माझ्या मते त्यातली गंमत याच हिशेबात आहे.

नवी मुंबईतल्या बहुतेक कॉलेजांत नाटक हा विषय शिकवत नाहीत. मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्सची अकादमी २००३ साली कलिन्याला सुरू झाली. पण खाडीच्या अलीकडे मुलं वाणिज्य, विज्ञान, नाही तर आयटीची. सांस्कृतिक विभागाचे एक प्राध्यापक, दोन-तीन उत्साही सीनियर आणि सूचनाफलकावरची ऑडिशनची चिठ्ठी, एवढ्यावर ‘नाट्यविभाग’ उभा राहतो. पावसाळ्यात युवा महोत्सवाच्या विभागीय फेऱ्या येतात, तेव्हा कॉलेज उघडून जेमतेम दोन महिने झालेले असतात. नव्या पोरांना अजून विंग आणि झालर यांतला फरकही कळलेला नसतो.

जागेची अडचण तर कायमचीच. वाशीला महापालिकेचं विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीला ‘सीता स्वयंवर’ केलं, तोच दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो. नाव मोठं, रंगमंचही मोठा, पण तालमीसाठी तो भाड्यानं घेणं कॉलेजच्या बजेटात बसत नाही. मग लेक्चर संपलं की बाक भिंतीला लावायचे, जमिनीवर खडूनं रंगमंचाची चौकट आखायची आणि वॉचमन किल्ल्या वाजवेपर्यंत तालीम करायची. उरणच्या पोरांना तर त्याआधीच निघावं लागायचं. १२ जानेवारी २०२४ रोजी लोकल उरणपर्यंत गेली आणि त्यांची शेवटच्या एसटीची धास्ती संपली. शहराच्या नकाशावरच्या या घडामोडीचा तालमीलाही फायदा झाला, हे मात्र कुणी बातमीत लिहिलं नाही.

या पोरांची भाषाही ऐकण्यासारखी. नवी मुंबई वसवायला सिडको आली १९७० साली. तिनं ज्यांच्या जमिनी घेतल्या त्या आगरी-कोळी घरांतली नातवंडं आणि घाटावरून माथाडी कामाला आलेल्यांची नातवंडं एकाच गटात असतात. प्रमाण मराठीत अडखळणारा मुलगा आगरीत बोलू लागला की तालमीत हशा पिकतो आणि चांगला दिग्दर्शक तेच संहितेत ठेवतो. बदललेली संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घ्यावी लागते, ही धावपळ वेगळीच.

नाट्यगृह आणि स्पर्धेच्या बाबतीत पनवेल नशीबवान. तिथे वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे आणि अटल करंडक ही राज्यस्तरीय एकांकिका स्पर्धाही भरते. नवीन पनवेलच्या चांगू काना ठाकूर महाविद्यालयासारख्या कॉलेजांतल्या मुलांना राज्यभरचं काम घराजवळ बघायला मिळतं. एरवी आयएनटीची एकांकिका स्पर्धा म्हणा, सवाई एकांकिका स्पर्धा म्हणा, खाडी ओलांडूनच जावं लागतं. सवाईत तर इतर स्पर्धांत पहिली आलेली एकांकिकाच लागते.

स्पर्धांचा एक रोगही आहे. बाहेरून पैसे देऊन दिग्दर्शक आणायचा, प्रकाशाचे चमत्कार करायचे, शेवटी सामाजिक धक्का द्यायचा. मुलं त्या साच्यात नुसती उभी राहतात. १९६३ पासून चाललेल्या पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांना २०२२ साली एकही एकांकिका पात्र वाटली नाही आणि करंडक कुणालाच मिळाला नाही. आरडाओरडा झाला, पण मला तो निर्णय पटला.

उलट उदाहरणंही आहेत. प्राजक्त देशमुखांची ‘देवबाभळी’ आधी स्पर्धेतली एकांकिकाच होती, २०१७ साली ती व्यावसायिक रंगभूमीवर आली. अशी मजल प्रत्येकाला गाठता येणार नाही आणि तशी अपेक्षाही नको. संस्थाचालक करंडक काचेच्या कपाटात हौसेनं मांडतात. त्यांनी त्याआधी एक रिकामी खोली द्यावी आणि तिची किल्ली रात्री नऊपर्यंत मुलांकडे ठेवावी.