०.१० टक्क्याचा हिशेब

१९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मूत्रपिंडे निकामी होऊन १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये, म्हणजेच ग्लिसरिनमध्ये, डायएथिलीन ग्लायकॉल होते. हा पदार्थही ग्लिसरिनसारखाच रंगहीन, दाटसर आणि चवीला गोड, त्यामुळे बाटली पाहून किंवा चाखून काही कळत नाही. आज ग्लिसरिनमध्ये त्याची मर्यादा ०.१० टक्के आहे, म्हणजे किलोमागे एक ग्रॅम. एवढेसे विष नेमके किती आहे, हे गॅस क्रोमॅटोग्राफी सांगते. पण एकटीच्या बळावर नाही.

तीस मीटर लांबीच्या बारीक, तापवलेल्या नळीतून (कॉलममधून) नमुन्यातले घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात, ज्वालेत जळतात आणि पडद्यावर एकेक पीक, म्हणजे शिखर, उमटते. वेळेवरून पदार्थ ओळखायचा, पिकाच्या क्षेत्रफळावरून त्याचे प्रमाण काढायचे. मात्र ज्वालेला मिलिग्रॅम समजत नाहीत. ऑक्सिजनशी जोडलेला कार्बन तिच्यात कमी संकेत देतो, त्यामुळे दोन पदार्थ समान वजनाचे असले तरी त्यांची पिके समान येत नाहीत. सगळ्या पिकांची बेरीज शंभर धरून टक्केवारी काढणे सोयीचे असते खरे, पण विषाच्या बाबतीत तो आकडा मी ग्राह्य धरणार नाही.

१९०३ साली वॉर्सात मिखाईल त्स्वेत यांनी क्रोमॅटोग्राफीची आपली पद्धत मांडली, तेव्हा पानांतली रंगद्रव्ये वेगळी करणे हेच मोठे काम होते. किती, हा प्रश्न नंतरचा. १९५२ मध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी वायूच्या प्रवाहात वेगळी केलेली मेदाम्ले स्वयंचलित ब्युरेटने टायट्रेट करून मोजली. पुढे रेकॉर्डरच्या कागदावर पिके येऊ लागली, तेव्हा ती कात्रीने कापून तराजूवर तोलत. क्षेत्रफळ काढायची ती एक रूढ रीतच होती. आता ते काम संगणक करतो. बदलली नाही ती तुलना: माहीत असलेले द्रावण, म्हणजे स्टँडर्ड, आणि माहीत नसलेले द्रावण एकाच यंत्रावर, एकाच पद्धतीने चालवायचे.

ग्लिसरिनच्या चाचणीतले आकडेच पाहा. नमुना मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम, तर स्टँडर्डमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल ०.०५ मिलिग्रॅम. पन्नासाचे ०.१० टक्के तेवढेच होतात, म्हणजे मर्यादाच फ्लास्कमध्ये बनवून ठेवली. दोन्हींत ट्रायक्लोरोएथेनॉल सारख्याच प्रमाणात घालतात. हे इंटर्नल स्टँडर्ड. एक मायक्रोलिटर टोचताना थोडे कमीजास्त झाले, तर दोन्ही पिके सारख्याच पटीने बदलतात आणि त्यांचे गुणोत्तर टिकते. मात्र हा पदार्थ नमुन्यात मुळात नसावा आणि त्याचे पीक दुसऱ्याच्या अंगावर येऊ नये. ग्लिसरिनऐवजी सिरप तपासताना त्यातले इतर घटक मोजणीत ढवळाढवळ करत असतील, तर नमुन्यातच माहीत असलेले प्रमाण मिसळून पीक कितीने वाढते ते पाहतात.

२०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने मुले दगावली. त्यांतल्या अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. तमिळनाडूच्या तपासणीत त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले, मर्यादेच्या ४८६ पट. असा नमुना नेहमीच्याच तीव्रतेने टोचला तर कॉलमला तो पेलत नाही आणि पिकाचा आकार बिघडतो. कॅलिब्रेशनची, म्हणजे प्रमाण आणि पीक यांचा संबंध दाखवणारी, रेषाही तिथवर तपासलेली नसते. ती पुढे ओढून आकडा काढणे म्हणजे अंदाज. नमुना पातळ करून रेषेच्या आत आणायचा, मोजायचा, मग जितका पातळ केला तितक्या पटीने गुणायचे.

स्टँडर्डची बाटलीही तपासावी लागते. डायएथिलीन ग्लायकॉल हवेतला ओलावा ओढते. सैल झाकणाच्या बाटलीतून वजन केले, तर त्यातले काही वजन पाण्याचे असते. स्टँडर्डचे पीक लहान येते आणि नमुन्यातले विष असल्यापेक्षा जास्त दिसते. औषधातला मुख्य घटक मोजताना हीच चूक अधिक घातक ठरते, कारण कमी मात्रेची गोळी कागदावर पुरी भरते. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून मिळणाऱ्या संदर्भ पदार्थांची शुद्धता ठरवलेली असते आणि हिशेबात ती धरावी लागते. म्हणून चाचणीचा अहवाल हाती आला की मी निकालाच्या आधी स्टँडर्डचा लॉट नंबर, त्याची शुद्धता आणि वजनाची चिठ्ठी पाहतो.