पुस्तकातला चौकोन, घरातला मोबाइल
प्राथमिक पाठ्यपुस्तकांतील काळा-पांढरा चौकोन, अर्थात क्यूआर कोड, स्वतः काहीच शिकवत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' ॲपने तो स्कॅन केला, की त्या पाठाची चित्रफीत किंवा स्वाध्याय उघडतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी हा प्रयोग आधीच केला होता. २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. मात्र घरात एकच मोबाइल असेल आणि तो वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर मुलाच्या हाती उरतो छापील चौकोनच. शहरांतल्या वस्त्यांतही हे चित्र दुर्मिळ नाही. म्हणूनच शिक्षकांनी चित्रफीत वर्गातच दाखवावी, मध्येच थांबवून प्रश्न विचारावेत, हे अधिक सयुक्तिक. आधी डाउनलोड केलेली चित्रफीत 'दीक्षा'वर इंटरनेटविनाही चालते.