क्रिप्टो ट्रान्सफर तासाभरापासून ‘पेंडिंग’? घाबरण्याआधी पैसे नेमके कुठे अडकलेत ते पाहा

एक्स्चेंजवरून स्वतःच्या वॉलेटमध्ये पहिल्यांदाच बिटकॉइन पाठवले. यूपीआयची सवय असल्याने दोन-चार सेकंदांत काम होईल असे वाटले होते. तास उलटला तरी स्क्रीनवर एकच शब्द दिसतोय, ‘पेंडिंग’. एका खात्यातून रक्कम वजा झाली आहे आणि दुसरीकडे शून्य आहे.

नवख्या माणसाच्या हातून खरी चूक होते ती या क्षणी. कोणी तीच रक्कम पुन्हा पाठवतो आणि नंतर दोन्ही व्यवहार पूर्ण होतात. कोणी वॉलेटचे ॲप काढून पुन्हा टाकतो आणि रिकव्हरीचे शब्द लिहून ठेवलेले नसल्याने वॉलेटलाच मुकतो. कोणी टेलिग्रामवर मदत मागतो आणि ‘सपोर्ट’ म्हणून आलेला माणूस वॉलेट रिकामे करून जातो. अडकलेला व्यवहार बहुतेक वेळा मार्गी लागतो. घाबरून उचललेले पाऊल मात्र मागे घेता येत नाही.

यूपीआयचे ‘पेंडिंग’ आणि क्रिप्टोचे ‘पेंडिंग’ यांत फरक काय?

यूपीआयमध्ये दोन्ही बाजूंना बँक असते. खात्यातून पैसे कापले गेले, पण समोरच्या व्यक्तीच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर जास्तीत जास्त दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत आले पाहिजेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

क्रिप्टोच्या नेटवर्कवर मध्ये बँक नसते. वॉलेट तुमच्या सहीचा एक डिजिटल संदेश जगभरातल्या संगणकांकडे पाठवते. तो संदेश आधी ‘मेमपूल’ नावाच्या प्रतीक्षायादीत बसतो. तिथून उचलून तो एखाद्या ब्लॉकमध्ये नोंदवला गेला की व्यवहार झाला. बिटकॉइनमध्ये असा ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी तयार होतो आणि त्यात काही हजार व्यवहारच मावतात.

रिक्षा स्टँडवर जो आधी आला त्याला आधी रिक्षा मिळते. मेमपूलमध्ये जो जास्त भाडे देईल त्याला आधी उचलतात. तुम्ही ठरवलेली फी कमी असेल आणि गर्दी जास्त असेल, तर मागून आलेले पुढे जातात आणि तुम्ही थांबून राहता.

एक दिलासा म्हणजे, ब्लॉकमध्ये नोंद होईपर्यंत खातेवहीनुसार ते बिटकॉइन पाठवणाऱ्याच्याच पत्त्यावर असतात. वॉलेट फक्त ‘हे वापरले’ असे दाखवते. त्यामुळे मेमपूलमध्ये अडकणे म्हणजे पैसे हरवणे नाही.

सगळ्यात आधी काय शोधायचे?

ट्रान्झॅक्शन आयडी. काही ॲपमध्ये त्याला ‘हॅश’ म्हणतात. व्यवहाराच्या तपशिलात अंक आणि इंग्रजी अक्षरे मिळून ६४ चिन्हांची लांबलचक ओळ असते, तीच ही. इथेरियमवर तिच्या सुरुवातीला शून्य आणि एक्स ही दोन चिन्हे जास्तीची असतात.

ही ओळ कॉपी करून त्या नेटवर्कच्या एक्स्प्लोररमध्ये टाकायची. एक्स्प्लोरर म्हणजे सगळे व्यवहार कोणालाही पाहता येतील अशी सार्वजनिक खातेवही. बिटकॉइनसाठी मेमपूल डॉट स्पेस, इथेरियमसाठी ईथरस्कॅन, ट्रॉनसाठी ट्रॉनस्कॅन. इथे काही पाहायला पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही आणि वॉलेट जोडावे लागत नाही. ‘आधी वॉलेट कनेक्ट करा’ असे म्हणणारी साइट उघडली असेल तर ती लगेच बंद करा.

यानंतर चारच शक्यता उरतात. आयडीच नाही, आयडी आहे पण व्यवहार ‘अनकन्फर्म्ड’ आहे, व्यवहार पूर्ण झाला पण पैसे दिसत नाहीत, किंवा व्यवहार ‘फेल्ड’ आहे. प्रत्येकाचा उपाय वेगळा.

आयडीच दिसत नसेल तर?

मग व्यवहार अजून नेटवर्कवर गेलेलाच नाही, तो एक्स्चेंजच्या आत आहे. आधी ईमेल तपासा, स्पॅमसुद्धा. अनेक एक्स्चेंज पैसे काढण्यासाठी ईमेलवर एक लिंक पाठवतात. ती दाबल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही आणि नवीन माणसाला हे ठाऊक नसते.

लिंक दाबूनही उशीर होत असेल, तर नुकताच पासवर्ड किंवा फोन बदललाय का ते आठवा. अशा वेळी सुरक्षेसाठी काही तास किंवा एक दिवस पैसे काढणे थांबवले जाते. केवायसी अपुरे असणे, त्या कॉइनच्या नेटवर्कची देखभाल सुरू असणे, ही आणखी काही नेहमीची कारणे. मार्च २०२३ पासून भारतातील क्रिप्टो व्यवसाय मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आले आहेत. त्यामुळे पैसे कोणाला जाताहेत याची माहितीही विचारली जाते. ती अर्धवट भरली तरी व्यवहार थांबतो.

कधी कधी अडचण सगळ्यांचीच असते. मे २०२३ मध्ये बिटकॉइनच्या नेटवर्कवर इतकी गर्दी झाली की बायनान्सने बिटकॉइन काढण्याची सोय दोनदा तात्पुरती बंद केली होती. म्हणून ॲपमधली सूचना आधी वाचा आणि तिथूनच तक्रार नोंदवा. या टप्प्यावर ‘कॅन्सल’चे बटण दिसत असेल तर व्यवहार रद्दही करता येतो.

मात्र एक्स्चेंजने सगळ्यांचेच पैसे काढणे बेमुदत थांबवले असेल, तर तो पेंडिंगचा प्रश्न राहत नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली, तेव्हा ग्राहकांच्या रकमा दीर्घकाळ अडकून पडल्या होत्या.

बिटकॉइनचा व्यवहार ‘अनकन्फर्म्ड’ असेल तर?

एक्स्प्लोररवर तुमच्या व्यवहाराचा फीचा दर पाहा. तो ‘सातोशी प्रति व्हर्च्युअल बाइट’ असा लिहिलेला असतो. एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी होतात. साध्या व्यवहाराचे वजन साधारण १४० व्हर्च्युअल बाइट धरले, तर २ च्या दराने फी होते २८० सातोशी. त्या वेळी ब्लॉकमध्ये २० च्या दराचे व्यवहार जात असतील, तर लगेच नंबर लागायला २८०० सातोशी हवे होते. फी रकमेवर नाही, वजनावर ठरते. ५०० रुपये पाठवा किंवा ५ लाख, वजन सारखे असेल तर भाडे सारखेच.

आता तीन मार्ग आहेत.

पहिला, थांबणे. गर्दी ओसरली की कमी दराचे व्यवहारही उचलले जातात. एप्रिल २०२४ मध्ये बिटकॉइनचे ‘हाविंग’ झाले त्या दिवशी फी प्रचंड वाढली होती आणि पुढच्या काही दिवसांत ती खाली आली. बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये अशा व्यवहाराला मेमपूलमध्ये ठेवण्याची ठरलेली मुदत १४ दिवस आहे. त्यानंतर तो यादीतून गळतो आणि तीच रक्कम पुन्हा वापरता येते.

दुसरा, फी वाढवणे. अनेक वॉलेटमध्ये ‘बंप फी’ किंवा ‘स्पीड अप’ असा पर्याय असतो. त्यात जुन्याच व्यवहाराच्या जागी जास्त फीचा नवा व्यवहार जातो. दोन्ही एकाच पैशावर उभे असल्याने त्यांतला एकच पूर्ण होतो. म्हणून हे पुन्हा पैसे पाठवण्यापेक्षा वेगळे आणि सुरक्षित आहे.

तिसरा, ज्याला पैसे यायचे आहेत त्याने ते अडकलेले बिटकॉइन जास्त फी देऊन स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवणे. नवा व्यवहार नोंदवायचा तर आधीचा नोंदवावाच लागतो, म्हणून फीच्या मोहाने दोन्ही एकत्र उचलले जातात. सगळ्याच वॉलेटमध्ये ही सोय नसते.

व्यवहार एक्स्चेंजने पाठवला असेल तर फी वाढवणे त्यांच्याच हातात असते. तुम्ही फक्त तक्रार करू शकता.

इथेरियमवर एकामागून एक सगळेच व्यवहार का अडकतात?

इथेरियमवर ब्लॉकसाठी दर १२ सेकंदांनी संधी असते, त्यामुळे तासभर थांबणे हे गडबडीचे लक्षण मानायचे. इथे प्रत्येक पत्त्याच्या व्यवहारांना अनुक्रमांक असतो, त्याला ‘नॉन्स’ म्हणतात. ७ क्रमांकाचा व्यवहार कमी फीमुळे अडकला, तर ८ आणि ९ ला कितीही जास्त फी दिली तरी ते ७ च्या मागेच उभे राहतात. घाबरून तीन-चार वेळा ‘सेंड’ दाबणाऱ्यांचे हेच होते. पुढे ७ सुटला की बाकीचेही जातात आणि रक्कम तीन-चारदा निघून जाते.

उपाय ७ क्रमांकावरच करायचा. मेटामास्कसारख्या वॉलेटमध्ये अडकलेल्या व्यवहारासमोर ‘स्पीड अप’ आणि ‘कॅन्सल’ असे दोन पर्याय दिसतात. ‘कॅन्सल’ म्हणजे त्याच क्रमांकाचा, शून्य रकमेचा, जास्त फीचा व्यवहार स्वतःलाच पाठवणे. तो आधी नोंदवला गेला तर जुना बाद होतो. म्हणजे रद्द करायलाही फी पडते. त्यासाठी वॉलेटमध्ये थोडे इथर शिल्लक लागते, नुसते यूएसडीटी असून चालत नाही.

एक्स्प्लोरर ‘सक्सेस’ म्हणतो, पण पैसे दिसत नाहीत. का?

पैसे एक्स्चेंजवर यायचे असतील तर ते ठरावीक ‘कन्फर्मेशन’ची, म्हणजे त्यावर आणखी काही ब्लॉक चढण्याची वाट पाहतात. बिटकॉइनसाठी तीन कन्फर्मेशन मागितली असतील, तर साधारण अर्धा तास धरा.

स्वतःच्या वॉलेटमध्ये यायचे असतील, तर ते टोकन ॲपमध्ये जोडलेले नसल्याने नुसते लपलेले असू शकते. योग्य नेटवर्क निवडून टोकन जोडले की रक्कम दिसते.

चुकीचे नेटवर्क हे तिसरे कारण. इथेरियम, पॉलिगॉन आणि बीएनबी चेन या तिन्हींवर पत्ता एकसारखाच दिसतो. स्वतःच्या वॉलेटमध्ये असे झाले तर वॉलेटमध्ये ते नेटवर्क जोडून रक्कम मिळवता येते. एक्स्चेंजच्या पत्त्यावर झाले तर ती काढून द्यायची की नाही हे त्यांच्यावर अवलंबून. एक्सआरपी आणि स्टेलरमध्ये एक्स्चेंजला पाठवताना पत्त्यासोबत ‘टॅग’ किंवा ‘मेमो’ द्यावा लागतो. तो राहिला तर रक्कम एक्स्चेंजकडे पोहोचते, पण कोणाची ते त्यांना कळत नाही. ट्रान्झॅक्शन आयडीसह तक्रार करा.

आणि ‘फेल्ड’ दिसत असेल तर? पाठवायची रक्कम तुमच्याकडेच राहिली, नेटवर्कची फी मात्र गेली.

हे ‘पेंडिंग’ नसून फसवणूक आहे, हे कसे ओळखायचे?

व्हॉट्सॲप किंवा टेलिग्राम ग्रुपमधून कळलेल्या ॲपवर मोठा नफा दिसतो. काढायला गेले की ‘विड्रॉवल पेंडिंग, आधी ३० टक्के कर भरा’ असा निरोप येतो. भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे हे खरे, पण तो विवरणपत्र भरताना सरकारकडे जमा होतो. विक्रीवरचा १ टक्का टीडीएस रकमेतूनच कापला जातो. पैसे सोडवण्यासाठी एजंटच्या खात्यावर किंवा यूपीआयवर आधी कर भरा, असे सांगणारा फसवतोय.

अशा वेळी ट्रान्झॅक्शन आयडी मागा आणि एक्स्प्लोररवर स्वतः तपासा. आयडी मिळत नसेल, किंवा तिथे तो सापडत नसेल, तर कोणीही काहीही पाठवलेले नाही. आणखी एक रुपयाही देऊ नका.

वॉलेट सुरू करताना मिळालेले १२ किंवा २४ शब्द कोणालाही सांगू नका. अडकलेला व्यवहार सोडवायला त्या शब्दांची कोणत्याही सपोर्टला गरज नसते. ट्रान्झॅक्शन आयडी दिला तर समोरचा फक्त पाहू शकतो, शब्द दिले तर सगळे घेऊन जाऊ शकतो. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा.

पुढच्या वेळी काय करावे?

नव्या पत्त्यावर आधी अगदी छोटी रक्कम पाठवा. ती पोहोचल्यावरच उरलेली. दोन वेळची फी पडेल, पण पत्ता आणि नेटवर्क दोन्ही बरोबर असल्याची खात्री होईल. पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून उचलू नका. सुरुवातीची आणि शेवटची अक्षरे जुळणारे खोटे पत्ते त्या यादीत घुसवण्याची युक्ती भामटे वापरतात. पाठवण्याआधी त्या वेळचा फीचा दर पाहा. पाठवल्यावर लगेच ट्रान्झॅक्शन आयडी कॉपी करून ठेवा. मग पुन्हा ‘पेंडिंग’ दिसले, तर विचारायला कोणाकडे जावे लागणार नाही.