रिकाम्या पुंगळीतून दुसरं काडतूस कसं बनतं? अमेरिकेतला छंद, खडकीचं काडतूस आणि आपल्याकडचा कायदा

मोबाइलवर असे व्हिडिओ बरेच दिसतात. एखादा अमेरिकन म्हातारा गॅरेजमध्ये बसलाय, समोर हातदांड्याचं प्रेस आहे आणि एका रायफलीची रिकामी पुंगळी दाबून, कापून तो दुसऱ्याच रायफलीची पुंगळी तयार करतोय. खाली कॉमेंटमध्ये आपली पोरं विचारतात, ‘हे आपल्याकडे जमेल का?’ कायद्याने जमत नाही. का ते पुढे येईलच. पण हा माणूस नेमकं करतो काय आणि त्याला एवढा खटाटोप का करावा लागतो, हे आधी बघू. पितळेची ही कारागिरी समजून घेण्यासारखी आहे.

काडतुसाचे भाग चार. पुढे गोळी, आत दारू, बुडाशी टोपी आणि या तिघांना धरून ठेवणारी पितळी पुंगळी. बार झाला की गोळी गेली, दारू जळली, टोपीही वाया गेली. उरते ती पुंगळी. चारही भागांत घरी बनवायला सगळ्यात अवघड तीच, आणि पुन्हा वापरता येते तीही तीच. म्हणून ज्या देशात परवानगी आहे तिथले नेमबाज रिकाम्या पुंगळ्या गोळा करून ठेवतात.

अडचण येते जुन्या रायफलींची. बंदूक शंभर वर्षं टिकते, पण तिची काडतुसं बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला असतो.

जपानी रायफल, अमेरिकन पुंगळी

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण दुसऱ्या महायुद्धानंतरचं. पॅसिफिकमध्ये लढलेले अमेरिकन सैनिक घरी परतताना जपानी ‘अरिसाका’ रायफली युद्धाची आठवण म्हणून घेऊन आले. त्यांच्यावर जपानी सम्राटाचं शेवंतीच्या फुलाचं चिन्ह असायचं. बऱ्याच रायफलींवर ते कानशीने घासून काढलेलं दिसतं. रायफली मजबूत होत्या, हरणाच्या शिकारीला चालल्या असत्या. पण १९४५ नंतर जपानचा शस्त्रउद्योगच बंद झाला. काडतुसं आणायची कुठून?

या रायफलींपैकी नंतरच्या मॉडेलचं, म्हणजे ‘टाइप ९९’चं काडतूस होतं ७.७ मिलिमीटरचं, पुंगळीची लांबी ५८ मिलिमीटर. आता योगायोग पाहा. अमेरिकन फौजेचं स्वतःचं काडतूस होतं ‘थर्टी-ऑट-सिक्स’, म्हणजे .३०-०६. १९०६ साली आलेलं, म्हणून शेवटचा ०६. त्याची पुंगळी ६३ मिलिमीटरची आणि बुडाची कड साधारण १२ मिलिमीटर. जपानी पुंगळीचं बूडही जवळपास तेवढंच. आणि .३०-०६च्या पुंगळ्या अमेरिकेत पोत्यांनी पडलेल्या.

बूड जुळलं की निम्मं काम झालं. पुंगळीचं बूड हा तिचा सगळ्यात जाड, सगळ्यात कडक भाग असतो, तो घरी बदलता येत नाही. म्हणून शोध नेहमी बुडापासून सुरू होतो : कड जुळते का, पुंगळी हवी त्यापेक्षा लांब आहे का? लांब पुंगळी कापून आखूड करता येते. आखूड ओढून लांब होत नाही. शिंप्याला हे सांगावं लागत नाही.

मग अमेरिकन पुंगळी ७.७च्या साच्यात, म्हणजे ‘डाय’मध्ये दाबली जाते. तिचा खांदा मागे सरकतो, नवी मान तयार होते आणि वरचा पाच मिलिमीटरचा तुकडा कापून टाकतात. जपानी गोळी अमेरिकन गोळीपेक्षा किंचित जाड. तिचा व्यास आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेल्या .३०३च्या गोळीइतका. त्यामुळे मानही तेवढीच रुंद ठेवावी लागते. हजारो अरिसाका रायफली अशा उसन्या पितळेवर चालल्या. पुढे काही कंपन्यांनी ७.७ची काडतुसं नव्याने काढली, पण ती महाग होती आणि मिळतीलच याचा भरवसा नसायचा.

तांबटाला विचारा

नुसतं दाबून हे होत नाही. तांबट आळीत हंडा घडवताना पाहिलाय का? थोडं ठोकून झालं की तांबट भांडं परत भट्टीत घालतो. कारण तांबं असो की पितळ, थंड असताना ठोकलं, दाबलं, ताणलं की ते कडक होत जातं, आणि ठोकत राहिलं तर शेवटी तडकतं. ताव दिला की पुन्हा मऊ पडतं. काडतुसाचं पितळ म्हणजे सुमारे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, ठोकायला-ओढायला फार चांगलं. तरी नियम त्याला तोच. ताव न देता नवी मान काढायला गेलं तर चिरा पडतात. कधी लगेच, कधी पहिल्याच बाराला.

एक गोष्ट मात्र लोहारकामाच्या उलट. पोलादी विळा तापवून पाण्यात बुडवला की पाणी चढतं, धार कडक होते. पितळेला पाण्याने काही होत नाही. ते तापवल्यावर मऊ झालं ते झालं, मग सावकाश गार होऊ द्या नाहीतर पाण्यात टाका. म्हणून जुने कारागीर पुंगळ्या पाण्याच्या ताटलीत उभ्या करून फक्त वरची मान ज्योतीने तापवायचे. पाण्यामुळे बूड गार राहायचं.

बूड गार ठेवण्यात जीव अडकलाय. मोटारसायकलच्या टायरात आपण तीसेक पौंड हवा भरतो. ट्रकच्या टायरात शंभर-सव्वाशे. .३०-०६ काडतुसात बाराच्या क्षणी दर चौरस इंचाला ६० हजार पौंडांपर्यंत दाब जातो. हा दाब मागच्या बाजूने धरून ठेवतं ते पुंगळीचं कडक बूड. चुकून तेच तापवून मऊ केलं तर पितळ फाटतं आणि जळता वायू मागे येतो, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांकडे. व्हिडिओत म्हातारा ज्योत फिरवताना गप्पा मारत असतो. या भागावर तो फारसं बोलत नाही.

दुसरी मेख जाडीची. पुंगळीची भिंत सगळीकडे सारखी नसते, वर पातळ आणि खाली जाड. पुंगळी खूप आखूड केली तर नवी मान तयार होते ती मूळच्या खालच्या, जाड भागातून. जाड मान रायफलीच्या घरात अडकून बसते, गोळी सुटायला जागा राहत नाही आणि दाब एकदम वाढतो. म्हणून मान आतून किंवा बाहेरून छाटून पातळ करावी लागते, आणि ती मोजायला सूक्ष्ममापी लागतो. नजरेचा अंदाज इथे चालत नाही. शिवाय भिंत जाड म्हणजे आतली पोकळी लहान. तेवढीच दारू लहान जागेत जळली की दाब पुन्हा वाढणार.

तिसरी गोष्ट लांबीची. पुंगळी रायफलीच्या घरात घट्ट टेकली पाहिजे, काहींमध्ये कडेवर, काहींमध्ये खांद्यावर. खांदा थोडा जास्त मागे गेला तर पुंगळीला मागेपुढे हलायला जागा मिळते. बाराच्या वेळी ती ताणली जाते आणि बुडाच्या जरा वर आडवी तुटते. एवढ्या फरकाने.

बुडावरचं नाव जुनंच राहतं

या सगळ्यात मला सगळ्यात मोठा धोका वाटतो तो वेगळाच. पुंगळीचा आकार बदलला तरी बुडावर कोरलेलं नाव बदलत नाही. जपानी झालेल्या पुंगळीवर .३०-०६ असंच लिहिलेलं असतं. करणाऱ्याला माहीत असतं, पण तो वारला, डबा मुलाकडे गेला, मुलाने शेजाऱ्याला दिला की संपलं.

आजचं उदाहरण घ्या. अमेरिकेत ‘.२२३’ नावाचं काडतूस घरोघरी आहे. त्याचीच पुंगळी ४५ मिलिमीटरवरून ३५ मिलिमीटरवर कापून ‘.३०० ब्लॅकआउट’ बनवतात. बूड तेच, मॅगझिन तेच, रायफलही दिसायला तीच. नळी तेवढी वेगळी. जाड गोळीचं ब्लॅकआउट चुकून .२२३च्या रायफलीत गेलं तर गोळीला नळीतून जायला वाटच नसते, आणि रायफल हातात फुटते. असे प्रकार तिथे घडलेत. म्हणून जबाबदार माणसं डब्यावर ठळक चिठ्ठी लावतात आणि दोन्ही रायफली एका टेबलावर ठेवत नाहीत.

यात खडकी कुठून आली?

ब्रिटिशांच्या काळात .३०३ हे फौजेचं माप. नागरिकांच्या हातात त्याच मापाची रायफल दिली तर फौजेतून चोरलेलं काडतूस सरळ तिच्यात बसेल, ही सरकारची भीती. म्हणून हिंदुस्थानात खासगी माणसाला फौजी मापाची रायफल ठेवायला बंदी आली. मग विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीचं ५० मिलिमीटर लांब पुंगळीचं जुनं काडतूस उचललं आणि इथल्या बाजारासाठी त्यात बसणाऱ्या रायफली बनवल्या. तेच आपलं .३१५. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात .३१५ रायफल बनू लागली आणि काडतुसं पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. हा कारखाना १८६९चा. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा तो ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’कडे गेला. पोलिसांच्या पंचनाम्यात ‘८ एमएम, के.एफ.’ असं वाचलं असेल. के.एफ. म्हणजे किरकी फॅक्टरी, खडकीचं इंग्रजी अमदानीतलं नाव.

गंमत अशी की युरोप-अमेरिकेत जुन्या मॅनलिखर रायफली बाळगणाऱ्यांना हे काडतूस सहज मिळत नाही. ते रशियन ७.६२ बाय ५४ची पुंगळी घेतात, कारण तिलाही तशीच रुंद कड असते. ती चार मिलिमीटर आखूड करतात आणि दाबून आपली पुंगळी घडवतात. तिकडे असा घाम गाळून जे करतात, ते खडकीत कारखान्याचा नेहमीचा माल म्हणून बनत आलंय.

पितळेची आणखी एक गोष्ट हिंदुस्थानातलीच. इंग्रजी फौजेच्या लक्षात आलं की तबेल्यात साठवलेली काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकतात. हात न लावता, बार न करता. ऋतूशी संबंध दिसला म्हणून इंग्रजीत त्या तडकण्याला नावही ऋतूवरूनच पडलं. खरं कारण १९२१ साली नीट उलगडलं. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया हवेतल्या दमटपणाबरोबर पितळेवर बसायचा, आणि पुंगळी बनवताना दाबल्यामुळे तिच्या अंगात ताण आधीच अडकलेला असायचा. ताण आणि अमोनिया एकत्र आले की चीर. बेताचा ताव देऊन तो ताण काढला की तडकणं थांबतं. दाबून घडवलेल्या पितळेला हा धोका अजूनही आहे. गोठ्याच्या माळ्यावर पितळेचं काही ठेवत असाल तर ध्यानात ठेवा.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो

शस्त्र अधिनियम १९५९ नुसार दारूगोळा बनवायला कलम ५ खाली परवाना लागतो. शेतीसंरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना हा बनवण्याचा परवाना नव्हे. विनापरवाना बनवल्यास कलम २५ आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्यात किमान सात वर्षं कैद, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. विनापरवाना काडतूस नुसतं बाळगलं तरी दोन ते पाच वर्षं.

रिकाम्या पुंगळीचं काय? कायद्यातल्या ‘दारूगोळा’ या शब्दात त्याचे सुटे भागही येतात. मात्र जोडीचे इतर भाग घेऊन वापरायचा हेतू नसेल, तर किरकोळ सुट्या भागाला कलम ४५ सूट देतं. म्हणजे शोकेसमध्ये ठेवलेली एक जुनी पुंगळी आणि पुंगळ्या, टोप्या, दारू, प्रेस असा एकत्र सापडलेला माल, यांत फरक आहे. तरीही आठवण म्हणून पुंगळी बॅगेत घालून विमानतळावर जाऊ नका. ती रिकामी आहे, माहीत नव्हती, हे शेवटी कोर्टात पटवता येतं. वस्तू आपल्याजवळ आहे याची जाणीव असल्याशिवाय ताबा धरत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने पूर्वीच सांगितलंय. पण तोवर विमान गेलेलं असतं आणि वकील लागलेला असतो.

नगरच्या के. के. रेंजसारख्या सरावक्षेत्राच्या आसपास राहणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. तिथे पडलेलं पितळ भंगारात विकायला उचलू नका. त्यात न फुटलेला गोळाही असू शकतो, आणि तो बाहेरून ओळखता येत नाही. दिसलं तर हात न लावता ११२ वर कळवा.

राहिला प्रश्न आजोबांच्या ट्रंकेचा. परवानाधारक वारला आणि बंदूक किंवा काडतुसं घरात राहिली, असं गावोगावी होतं. परवाना वारसाच्या नावावर आपोआप होत नाही. अशा वेळी कलम २१ प्रमाणे शस्त्र आणि काडतुसं जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात. वारसाला स्वतःचा परवाना हवा असेल तर त्याचा अर्ज वेगळा. जमा करताना बंदुकीचा नंबर, काडतुसांचा आकडा आणि त्यांच्या बुडावरचं माप लिहिलेली पावती मागून घ्या, आणि पावतीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. काडतुसं हिरवी पडली असतील तर ती पुसत, घासत बसू नका. आहेत त्या डब्यातच घेऊन जाता येईल का, हे आधी ठाण्यात फोन करून विचारा.