ईबीसी की एबीसी? आधी रजा मोजा

सह्याद्रीत चार-पाच पावसाळे काढलेल्या ट्रेकरच्या डोक्यात कधी ना कधी नेपाळ शिरतंच. मग दोन नावं समोर येतात: एव्हरेस्ट बेस कॅम्प, म्हणजे ईबीसी, आणि अन्नपूर्णा बेस कॅम्प, म्हणजे एबीसी. दोन्ही वाटांवर गिर्यारोहणाचं तंत्र लागत नाही. मुक्काम टी-हाउसमध्ये, रात्री गरम डाळभात, सॅक उचलायला हवा तर पोर्टर. त्यामुळे पुष्कळांना वाटतं, दोन्ही एकच, फक्त एक जरा लांब. पण फरक मोठा आहे, आणि तो ठरवताना बहुतेक जण पायांच्या ताकदीचा विचार करतात. माझ्या मते आधी विचार करावा तो हातातल्या रजेचा.

झोपायची उंची

एबीसी ४,१३० मीटरवर आहे, ईबीसी ५,३६४ मीटरवर. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ईबीसीच्या ट्रेकची सुरुवात जिथून होते ते लुक्लाच (२,८६० मीटर) आपल्या सर्वोच्च शिखराच्या बाराशे मीटर वर. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वरही तेवढंच, साधारण २१ टक्के. पण हवेचा दाब उतरतो. एबीसीला तो समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो, ईबीसीला जवळजवळ निम्मा.

तरी दिवसा किती उंच गेलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात हे महत्त्वाचं. एबीसीच्या ट्रेकमध्ये चार हजारांच्या वर साधारणपणे एकच रात्र काढायची असते. ईबीसीला डिंगबोचेला (४,४१० मीटर) दोन रात्री, मग लोबुचे, मग गोरक्षेप, अशा ओळीने चार रात्री ४,४०० मीटरच्या वर जातात. भूक मरते, झोप तुटक येते, बूट बांधायला वाकलं तरी धाप लागते. लोबुचेच्या टी-हाउसमध्ये संध्याकाळी सगळे जण याकच्या शेणाच्या गोवऱ्यांवर पेटलेल्या शेगडीभोवती बसलेले असतात आणि खोलीत जायला कुणी उठत नाही, कारण खोलीत शेगडी नसते.

उंचीचा त्रास दमसास पाहून होत नाही. मॅरेथॉन पळणाऱ्यालाही होतो, किंबहुना तो भराभर चढतो म्हणून जास्तच. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा सर्वमान्य नियम. ईबीसीच्या वाटेवर नामचे आणि डिंगबोचेचे विश्रांतीचे दिवस त्यासाठीच असतात. त्या दिवशी वर फिरून यायचं आणि खाली येऊन झोपायचं.

एबीसी सोपा कुणाला?

एबीसीला सोपं म्हणणाऱ्यांनी छोम्रोंगच्या पायऱ्या आठवून बघाव्यात. गाव डोंगराच्या कुशीवर. तिथून दगडी पायऱ्यांनी थेट खोल ओढ्यापर्यंत उतरायचं, झुलता पूल ओलांडायचा आणि समोरच्या अंगाला सिनुवापर्यंत तेवढंच पुन्हा चढायचं. जाताना हे उत्साहात होऊन जातं. परतताना मात्र बेस कॅम्प झालेला असतो, मन घरी पोहोचलेलं असतं, आणि पुढ्यात त्याच हजारो पायऱ्या चढायला उभ्या असतात. गुडघे दुखरे असतील तर हा ट्रेक ईबीसीपेक्षा जास्त त्रास देतो. ईबीसीची वाट, नामचेची चढण सोडली तर, रुंद आणि पायाला सोयीची आहे.

एबीसीचा दुसरा सापळा देउरालीला आहे. देउराली ३,२३० मीटरवर, बेस कॅम्प ४,१३० वर. मध्ये माछापुच्छ्रे बेस कॅम्प, ३,७०० मीटर. अनेक ग्रुप देउरालीहून एका दिवसात नऊशे मीटर चढून थेट एबीसीला झोपतात. वर सांगितलेला नियम इथे सरळ मोडतो. आता झिनूच्या जवळपर्यंत जीप जाते, त्यामुळे ट्रेक पाच-सहा दिवसांतही उरकता येतो, आणि त्या प्रमाणात डोकेदुखीही वाढते. मधल्या मुक्कामाला एक रात्र द्या. हा पट्टा हिमप्रपाताचाही आहे. जानेवारी २०२० मध्ये देउरालीच्या खाली झालेल्या हिमप्रपातात ट्रेकर आणि त्यांचे नेपाळी साथीदार दगावले. ताजा बर्फ पडला असेल आणि गाइड म्हणाला थांबा, तर थांबायचं. वाद घालायचा नाही.

जाता जाता: छोम्रोंगच्या पुढे मांसाहार नेत नाहीत, ती स्थानिकांची श्रद्धा आहे. चिकनचा डबा पाठीवरच्या सॅकमध्ये लपवू नका.

लुक्लाचं विमान

ईबीसीचं वेळापत्रक पायांपेक्षा लुक्लाच्या विमानामुळे बिघडतं. तिथली धावपट्टी पाचशे मीटरच्या थोडी वर, तीही उताराची; एका टोकाला दरी, दुसऱ्या टोकाला डोंगर. ढग आले की उड्डाणं बंद. गर्दीच्या मोसमात बरीच विमानं काठमांडूऐवजी मंथलीहून सुटतात, म्हणजे मध्यरात्री उठून चार-पाच तास जीपचा प्रवास. लुक्ला ते लुक्ला बारा दिवस धरा, त्यावर विमानासाठी दोन दिवस राखीव, शिवाय मुंबई-काठमांडूचं येणं-जाणं. सोळा दिवसांपेक्षा कमी रजा असेल तर पहिली काटछाट विश्रांतीच्या दिवसांवर येते, आणि नेमकी तीच करायची नसते.

एबीसीला पोखरापर्यंत रस्ता आहे, विमानही आहे. दहा-अकरा दिवसांत घरातून निघून घरी परत येता येतं.

समोर दिसतं काय?

इथे एबीसी बाजी मारतो. बेस कॅम्पवर उभं राहिलं की अन्नपूर्णा साउथ, हिउनचुली, माछापुच्छ्रे चहूबाजूंनी अंगावर आल्यासारखे उभे असतात. ८,०९१ मीटरच्या मुख्य अन्नपूर्णेची दक्षिण भिंत, जी ब्रिटिशांनी १९७० मध्ये चढली, ती समोरच. माछापुच्छ्रे ६,९९३ मीटर. पवित्र मानलेलं हे शिखर चढाईला बंद आहे.

ईबीसीवरून मात्र एव्हरेस्टचा माथा दिसत नाही. पैसे भरून गेलेल्यांपैकी काही जणांना हे तिथेच कळतं! तो पाहायचा तर दुसऱ्या दिवशी पहाटे काला पत्थर चढायचा, साडेपाच हजार मीटरच्या वर. पण खुंबू आइसफॉलच्या पायथ्याशी उभं राहण्याचं मोल वेगळं आहे. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची २०१२ ची एव्हरेस्ट मोहीम ज्यांनी वर्तमानपत्रातून दिवसागणिक वाचली, त्यांना ते सांगायला नको.

मोसम आणि तयारी

ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत स्वच्छ, आणि दिवाळीची सुट्टी त्यातच येते, गर्दीही. मार्च-एप्रिलमध्ये एबीसीच्या खालच्या जंगलात गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला असतो. मेमध्ये तिथे दुपारी पाऊस येऊ लागतो.

तयारीसाठी सिंहगड, राजगड-तोरणा, कळसूबाई पुरेसे आहेत. सॅकमध्ये वजन घेऊन, उतारावर विशेष लक्ष देऊन. मांड्या तयार होतील. विरळ हवेची सवय मात्र इथे बसून होत नाही. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी मित्राच्या सल्ल्याने घेऊ नका. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं. विमा काढताना तो किती मीटरपर्यंत आणि हेलिकॉप्टरसह आहे का, हे पॉलिसीच्या कागदावर वाचा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

मग कोणता?

हिमालयात पहिल्यांदाच जात असाल तर एबीसी, गुडघे धड असतील तर. तिथे उंचीवर आपलं शरीर कसं वागतं ते कळतं, आणि बिघडलंच तर एका दिवसात हजार मीटर खाली येता येतं. चार हजार मीटरचा अनुभव गाठीशी असेल आणि सोळा-सतरा दिवस सुट्टी मिळत असेल तर ईबीसी खुशाल करा. बारा दिवसांत ईबीसी करून आणणारं पॅकेज कुणी पुढे केलं, तर त्याला एकच विचारा: नामचे आणि डिंगबोचेला प्रत्येकी दोन रात्री आहेत का? नसतील तर आगाऊ रक्कम भरू नका.