रक्ताचे बेणे आणि त्याचा कोनाडा

हिंगोली जिल्ह्यात, वसमतकडे, हळद काढल्यावर शेतकरी सगळी हळद शिजवत नाही. निवडक गड्डे तो बेणे म्हणून सावलीत, पाल्याखाली झाकून ठेवतो. शिजवलेल्या हळकुंडाला भाव मिळतो, पण ते पुन्हा उगवत नाही. पुढचे पीक येते ते झाकलेल्या ढिगातून.

आपल्या रक्ताचेही असेच आहे. तांबडी रक्तपेशी सुमारे 120 दिवस जगते. तिच्यात केंद्रक नसते, म्हणून तिचे विभाजन होत नाही. ही तूट भरून काढण्यासाठी शरीर दर सेकंदाला सुमारे 20 लाख नव्या तांबड्या पेशी तयार करते. दिवसाला किती, हे गणित विद्यार्थ्यांना द्यावे. उत्तर 17,280 कोटी येईल.

या पेशींचे बेणे म्हणजे रक्ताच्या मूलपेशी. प्रौढ माणसात त्या मुख्यतः कंबर, छाती व मणक्यांच्या हाडांतील लाल मज्जेत असतात. विभाजनानंतर त्यांच्या काही कन्यापेशी रक्तपेशी होण्याच्या वाटेला लागतात, तर काही मूलपेशीच राहतात. हे ठरते कसे?

इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रे शोफिल्ड यांनी 1978 साली असे मांडले, की मूलपेशीचे मूलपण तिच्या जागेवरही अवलंबून असते. ही जागा म्हणजे मज्जेतला जणू एक कोनाडाच. पुढे उंदरांवरील प्रयोगांतून तो उलगडत गेला. तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या व त्यांना लागून असलेल्या आधारपेशी मूलपेशीला जगण्यासाठी लागणारी प्रथिने पुरवतात. त्यांतले सीएक्ससीएल-12 हे प्रथिन तिला जागेवर धरून ठेवते. कोनाड्यात मूलपेशी बहुतेक काळ विश्रांती घेते. विभाजने कमी, म्हणून डीएनएच्या नकलेत होणाऱ्या चुकाही कमी.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. वैजयंती काळे व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच परिसराचा अभ्यास केला. तरुण उंदरांच्या आधारपेशींच्या सहवासात म्हाताऱ्या उंदरांच्या मूलपेशींची क्षमता सुधारते, असे त्यांनी 2018 साली दाखवले.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात 1983 साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातले पहिले यशस्वी मज्जारोपण केले. या उपचारात दात्याच्या मूलपेशी हाडात नव्हे, साध्या शिरेतून देतात. सीएक्ससीएल-12 च्या खुणेवरून त्या आपला कोनाडा शोधतात.

सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता 4 मध्ये 1 असते. त्यामुळे अनेक रुग्णांचे आयुष्य अनोळखी दात्यावर अवलंबून राहते. ‘हाड काढतात, माणूस कायमचा अधू होतो’ ही भीती मात्र लोकांना अडवते. प्रत्यक्षात आज बहुतेकदा काही दिवस इंजेक्शने देऊन कोनाड्याची पकड सैल करतात आणि रक्तात उतरलेल्या मूलपेशी हाताच्या शिरेतून घेतात. क्वचित कमरेच्या हाडातून, भूल देऊन, सुईने मज्जा घेतात. दात्याची भर काही आठवड्यांत होते, कारण त्याचे बेणे कोनाड्यात शिल्लक असतेच. रक्ताचा पाठ शिकवताना एवढे आपण वर्गात जरूर सांगावे.