आराखड्यातील कोष्टक आणि आकड्यांची वही

घराचा किंवा पुलाचा आराखडा म्हणजे केवळ रेघांचे जाळे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती पुरती खरी नाही. बांधकामाचा कोणताही आराखडा उलगडून पाहावा; त्याच्या एखाद्या कोपऱ्यात एकदोन कोष्टके हटकून आढळतील. एकात दारे-खिडक्यांची मापे व संख्या असते, तर दुसऱ्यात काँक्रीटमध्ये घालावयाच्या पोलादी सळ्यांची जाडी, लांबी, नग आणि वजन. रेघा पाहून गवंडी भिंत उभारतो. परंतु बाजारातून माल येतो तो या कोष्टकांच्या आधारे. म्हणून रेघ बिनचूक असूनही कोष्टकातील एका आकड्यापायी काम बिघडू शकते. हा आकडा तेथे येतो कोठून, आणि तो खरा राहावा यासाठी संगणकावर कोणती योजना करतात, हे येथे सांगावयाचे आहे. मी कलाशाखेचा पदवीधर. आराखडे काढणे हा माझा व्यवसाय नव्हे. परंतु हा विषय मुळात हिशेबाच्या शिस्तीचा आहे, आणि ती शिस्त कोणासही समजण्याजोगी आहे.

प्रथम एक उदाहरण घेऊ. समजा, शाळेच्या एका खोलीवर तुळई घालावयाची आहे. तीत १२ मिलिमीटर जाडीच्या ४ सळ्या, प्रत्येकी ४.५ मीटर लांब. म्हणजे एकूण लांबी १८ मीटर. सळीचे वजन काढण्याची बांधकामावरील रीत फार सोपी आहे. मिलिमीटरमधील जाडीचा वर्ग करून त्यास १६२ ने भागावे. एका मीटरचे वजन किलोग्रॅममध्ये मिळते. (हे १६२ कोठून आले, असे चौकस मुले विचारतीलच. पोलादाच्या एका घनमीटरचे वजन ७८५० किलो धरावे व वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र वापरावे, करून पाहा.) १२ चा वर्ग १४४, त्यास १६२ ने भागले की ०.८८९, आणि १८ ने गुणले की १६ किलो. आता अभियंत्याने फेरविचार करून १२ ऐवजी १६ मिलिमीटरची सळी ठरविली, तर तेच वजन २८.४ किलो होते. अशा दहा तुळया असल्यास १६० किलोंच्या जागी २८४ किलो पोलाद लागणार.

हा बदल अभियंता आपल्या हिशेबाच्या तक्त्यात करतो. तेथे एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे क्षणात बदलतात. पण आराखडा दुसऱ्याच्या टेबलावर, दुसऱ्याच प्रणालीत असतो. कोष्टकातील जुने आकडे कोणीतरी खोडून नवे लिहावे लागतात. आपल्याकडील जुने दुकानदार कीर्दीतील रकमा खतावणीत उतरवीत. उतरविताना एखादी ओळ राहिली, तर दोन वह्यांत दोन सत्ये नांदू लागत. दुकानात ते ताळेबंदाच्या वेळी उघडकीस येई. बांधकामावर मात्र ताळेबंद नसतो. सळी एकदा काँक्रीटमध्ये गेली, की ती १२ ची होती की १६ ची, हे वरून दिसत नाही.

हे दोन प्रकारचे संगणकीय तक्ते व आराखडे स्वतंत्रपणे जन्मास आले, हे येथे लक्षात घ्यावे. आकड्यांच्या तक्त्याची कथा विद्यार्थ्यांना आवडेल. अमेरिकेतील हार्वर्डच्या व्यवसायशिक्षण शाळेत डॅन ब्रिकलिन हा विद्यार्थी होता. प्राध्यापक फळ्यावर मोठे कोष्टक मांडीत, आणि त्यातील एक आकडा बदलला की पुढचे अनेक आकडे पुसून पुन्हा लिहीत. हे पाहून त्याला स्वतःच गणित करणाऱ्या फळ्याची कल्पना सुचली. बॉब फ्रँक्स्टन याच्या साहाय्याने १९७९ मध्ये ती 'व्हिजिकॅल्क' या नावाने बाजारात आली. आज सर्वत्र दिसणारे 'एक्सेल' १९८५ चे. रेघांच्या बाजूचे 'ऑटोकॅड' १९८२ मधील. त्यात पुष्कळ वर्षे कोष्टक असे काही नव्हतेच. रेघा मारून चौकटी आखावयाच्या व त्यांत अक्षरे बसवावयाची. खरे कोष्टक २००५ च्या आवृत्तीत आले, आणि एक्सेलशी त्याचा दुवा जोडण्याची सोय, तिला 'डेटा लिंक' म्हणतात, ती २००८ च्या आवृत्तीत.

या सोयीत आकडे उतरवून घेत नाहीत. ते कोठे आहेत तेवढे आराखड्यास सांगतात. अमुक फाइल, तिचे अमुक पान, त्यातील अमुक चौकटी. त्यावरून आराखड्यात कोष्टक उमटते. पुढे मूळ तक्ता बदलून जतन केला, की उघड्या आराखड्याच्या खालच्या कोपऱ्यात सूचना येते : दुवा जोडलेली माहिती बदलली आहे. तेथे आज्ञा दिली की कोष्टक नवे होते. आज्ञा मात्र माणसाने द्यावी लागते, हे विसरू नये.

खरी मेख आहे ती 'अमुक चौकटी' या शब्दांत. ए१ ते एफ२० असा पत्ता दिला, आणि मध्ये एक नवी ओळ घातली, तर विसावी ओळ एकविसावी होते व कोष्टकातून निमूटपणे गळून पडते. कोणतीही तक्रार होत नाही. कोष्टक पूर्वीइतकेच नीटनेटके दिसते. म्हणून जाणते लोक चौकटींच्या त्या समूहास एक्सेलमध्येच नाव देतात, उदाहरणार्थ 'सळ्या', आणि दुवा त्या नावाशी जोडतात. समूहाच्या आत ओळ घातली की नावाची हद्दही वाढते. पण शेवटच्या ओळीच्या खाली भर घातली, तर ती हद्दीबाहेरच राहते. यावर साधा उपाय असा की, बेरजेची ओळ हद्दीत शेवटी ठेवावी व नव्या ओळी तिच्या वर घालाव्यात.

जोडलेल्या चौकटींवर कुलूप व साखळी यांचे चिन्ह दिसते. (साखळी म्हणजे डिचोली तालुक्यातील आपले गाव नव्हे!) हे कुलूप उघडून आराखड्यातच आकडा बदलता येतो, पण तो मूळ तक्त्यात पोहोचत नाही; उलट पुढच्या वेळी कोष्टक नवे करताना पुसला जाण्याचा संभव असतो. आराखड्यातून मूळ तक्त्यात लिहिण्याची परवानगी दुव्यास देता येते. परंतु दोन्ही बाजूंनी लिहू दिल्यास मालक कोण, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. माझ्या मते ती देऊ नये. तसेच आराखडा दुसऱ्या कार्यालयात पाठविताना तक्त्याची फाइलही बरोबर द्यावी, आणि पत्ता आराखड्याच्या जागेपासून मोजलेला असावा. फाइल सापडली नाही, तरी कोष्टकात शेवटचे आकडे तसेच राहतात, आणि ते शिळे आहेत हे पाहणाऱ्यास कळत नाही.

आता या योजनेची मर्यादा. दुवा आहे तो कोष्टक व तक्ता यांच्यात. कोष्टक व रेघा यांच्यात नव्हे. तुळईच्या चित्राशेजारी १२ लिहिलेले राहिले आणि कोष्टकात १६ आले, तर संगणकास त्यात काहीच वावगे वाटत नाही. उलट दिशेने जाणारी दुसरी सोय आहे. आराखड्यात दारे-खिडक्यांची चित्रे ठरावीक ठशांनी काढली असतील, तर ऑटोकॅड ती स्वतः मोजते, त्यांची यादी करते व एक्सेलमधील माहितीशी सांधून देते. दारांच्या बाबतीत ती उत्तम चालते. सळ्यांच्या बाबतीत डोळ्यांनीच ताडून पाहावे लागते.

आणि छापलेल्या कागदास कोणताही दुवा पोहोचत नाही. बांधकामावर भिंतीला टाचलेला आराखडा गेल्या महिन्याचा असेल, तर त्यातील सळी १२ चीच राहील. याच कारणाने आराखड्याच्या उजवीकडील खालच्या चौकटीत फेरफाराचा क्रमांक व तारीख लिहिण्याची जुनी पद्धत, इतकी यंत्रे आल्यावरही, अद्याप चालू आहे.